माझा निकाल काय लागला?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुंबईच्या लोकलमध्ये दोन मित्रांची थट्टामस्करी चाललेली असली आणि त्यातला एक जरा जास्तच बडबडायला लागला, की दुसरा हमखास म्हणतो, ‘याला ठाण्याला पाठवा रे!’ पुण्याकडची मंडळी याच कामासाठी येरवड्याचं नाव घेतात. आम्ही ठाणेकर या वाक्याला इतके सरावलो आहोत, की बाहेरगावी कुणी ‘राहता कुठे?’ असं विचारलं तर ‘ठाण्याला, पण भिंतीच्या बाहेर’ असं सांगून आपणच आधी हसून घेतो. मी राहतो माजिवड्याला. इथून महामार्गानं मुंबईच्या दिशेला निघालं, की थोड्याच अंतरावर १९०१ साली सुरू झालेलं ते मनोरुग्णालय आहे. मंजूर खाटा १८५०. माजिवडा एके काळी आगरी-कोळ्यांचं गाव होतं, आता उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि तीस-तीस मजल्यांच्या इमारती यांच्यामध्ये ते शोधावं लागतं. पण थट्टा मात्र होती तशीच आहे.

आज मी बोलणार आहे ते मनोविकारांच्या डॉक्टरांविषयी, आणि त्यातही एका छोट्या बाबीविषयी. हे डॉक्टर, आणि विशेषतः हे शास्त्र शिकणारे तरुण निवासी डॉक्टर, संशोधनाकडे कसं बघतात? तुम्ही म्हणाल, या माणसाचा आणि याचा संबंध काय? मी साधा बीए झालेला, मराठीत कविता लिहिणारा मुसलमान माणूस. संबंध आहे तो माझ्या धाकट्या भावामुळे.

१९९४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो आजारी पडला. आधी त्यानं कॉलेज सोडलं, मग बोलणं सोडलं, मग भिंतीतून आपल्याला कुणी तरी हाका मारतंय असं सांगू लागला. वडिलांनी त्याला आधी दर्ग्यावर नेलं, मग एका सरकारी रुग्णालयात. दर्ग्यावर नेलं म्हणून मी त्यांना दोष देत नाही. तिथं निदान कुणी त्याला हसलं नाही. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया असं नाव सांगितलं, गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू झाली. दर महिन्याला अम्मा त्याला घेऊन ओपीडीत जायची, कधी कधी मी.

१९९६ साली एका निवासी डॉक्टरनं आम्हाला बाजूला बोलावलं. त्याला थिसिस करायचा होता. बारा पानांचा फॉर्म होता. तो प्रश्न वाचायचा, आम्ही उत्तर द्यायचो, तो चौकोनात खूण करायचा. प्रश्नांचं मराठी मला अजून आठवतं, कारण ते मराठी नव्हतंच. ‘आनंददायी क्रियांमधील आपला रस न्यून झाला आहे काय?’ अशा जातीचं ते होतं. अम्मानं माझ्याकडे बघितलं. मग त्या मुलाला म्हणाली, ‘बेटा, याला ईदलासुद्धा करमलं नाही. ते कुठं बसत असेल तिथं लिही.’ त्या मुलानं क्षणभर विचार केला आणि एक खूण केली. त्या खुणेत अम्माची ईद मावली की नाही, कोण जाणे. जाताना तो म्हणाला, ‘याचा निष्कर्ष निघाला की तुम्हाला कळवीन.’ तो कधीच आला नाही. त्याचा राग धरावा असंही काही नाही. तो पास होऊन गेला असणार.

पण माझ्या भावानं तो फॉर्म परीक्षा समजून दिला होता. प्रश्न विचारले, खुणा केल्या, तास-दीड तास बसवलं, म्हणजे परीक्षाच की. त्यानंतर कित्येक वर्षं तो मला मधूनच विचारायचा, ‘माझा निकाल काय लागला रे?’

आता या थिसिसचा मामला जरा समजावून सांगतो. एमबीबीएस झाल्यावर मनोविकारशास्त्रात एमडी करायचं म्हणजे तीन वर्षं. या तीन वर्षांत प्रत्येक विद्यार्थ्यानं एक प्रबंध लिहिलाच पाहिजे, नाही तर अंतिम परीक्षेला बसता येत नाही. विषय ठरवायचा तो अगदी सुरुवातीच्या महिन्यांत, म्हणजे मुलाला वॉर्डातल्या मावशींची नावंसुद्धा अजून पाठ झालेली नसतात तेव्हा. मग त्याची रूपरेषा, मग नैतिकता समितीची परवानगी, मग रुग्ण गोळा करणं, मग आकडेमोड, मग टायपिंग आणि बाइंडिंग. हे सगळं ओपीडी, वॉर्ड, रात्रीची इमर्जन्सी, कोर्टाचे कागद आणि वरिष्ठांची बोलणी यांच्या फटीतून करायचं. ज्यांनी सरकारी रुग्णालयातली सकाळची ओपीडी पाहिली आहे, त्यांना त्या फटी किती रुंद असतील हे सांगायला नको.

अशा वेळी मुलगा काय करणार? वेळेत संपेल असा विषय घेणार. अमुक आजाराच्या पन्नास-शंभर रुग्णांना एकदा भेटायचं, तयार प्रश्नावली भरून घ्यायची आणि नैराश्याचं प्रमाण किती ते काढायचं. मधुमेह्यांमधलं नैराश्य, दारुड्यांच्या बायकांमधलं नैराश्य, वृद्धांमधलं नैराश्य. विषय वाईट नाहीत. पण एकदाच भेटलेल्या माणसाविषयी तुम्हाला एकच क्षण कळतो. तो पुढं बरा झाला का, कशानं झाला, गोळी सोडली तर का सोडली, हे कळायला त्याच्या मागं वर्षानुवर्षं जावं लागतं, आणि विद्यार्थ्याच्या हातात वर्ष-दीड वर्ष असतं. शेवटी आकडे एखाद्या जाणकाराच्या हवाली करून ‘पी व्हॅल्यू’ काढून आणायची. ही पी व्हॅल्यू अमुक आकड्याच्या खाली आली की जीव भांड्यात पडतो. ती नेमकं काय सांगते, असं मी दोघा-तिघा डॉक्टरांना विचारून पाहिलं. प्रत्येकानं वेगळं सांगितलं.

म्हणून बहुतेक मुलांच्या मनात संशोधन म्हणजे थिसिस आणि थिसिस म्हणजे एक अडथळा, असं समीकरण बसतं. आपण शाळेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध लिहिला म्हणून कुणाला पावसाचं प्रेम लागलं असेल असं मला वाटत नाही. ज्यांना पुढं स्वतःचा दवाखाना टाकायचा आहे ते म्हणतात, संशोधन हे शिकवणाऱ्यांचं काम. शिकवणाऱ्यांची कथा निराळी. त्यांच्या बढतीला छापून आलेले शोधनिबंध मोजतात. २०१५ साली तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलनं नियमांचा खुलासा केला, त्यात मूळ संशोधनाचे निबंधच धरायचे आणि केवळ इंटरनेटवर निघणारी नियतकालिकं धरायची नाहीत असं ठरलं. एका रुग्णाची नीट लिहिलेली हकीकत, ज्याला ते केस रिपोर्ट म्हणतात, तिला बढतीच्या तराजूत वजन उरलं नाही. मला याचं फार वाईट वाटलं. मनोविकारशास्त्राची निम्मी इमारत अशा एकेका माणसाच्या हकीकतींवर उभी आहे.

हा रोग आपल्याकडचाच आहे असंही समजू नका. ब्रिटनमध्ये मनोविकारशास्त्राच्या वरच्या टप्प्यातल्या शिकाऊ डॉक्टरांना आठवड्यातला एक दिवस संशोधनासाठी मोकळा देण्याची पद्धत होती. त्या दिवसातून खरं संशोधन किती निघतं, यावर तिथल्या डॉक्टरांनीच बराच खल केला. डग्लस आल्टमन नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञानं तर १९९४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, की नोकरीसाठी आणि बढतीसाठी म्हणून डॉक्टरांना संशोधन करायला लावलं की वाईट संशोधनाचे ढीग पडतात. त्याचं मागणं साधं होतं. संशोधन थोडं होऊ द्या, पण चांगलं होऊ द्या आणि योग्य कारणासाठी होऊ द्या.

इथपर्यंत मी डॉक्टरांना नावं ठेवली. आता माझ्याकडे येतो. कबूल करतो, की त्या बारा पानांच्या फॉर्मनंतर संशोधनाविषयी माझं मत त्या थकलेल्या निवासी डॉक्टरपेक्षाही वाईट झालं. मी कवी होतो, तरुण होतो. माणसाचं दुःख चौकोनात खुणा करून मोजणारे हे कोण, असा माझा थाट होता. दोन-तीन कविताही त्यावर पाडल्या. सुदैवानं त्या कुठं छापून आल्या नाहीत.

मत बदललं ते १९९९ साली. पाच वर्षांत भावाची तीन-चार औषधं बदलून झाली होती, आणि तो तिथंच होता. तेव्हा एका वयस्कर डॉक्टरांनी क्लोझापिनचं नाव काढलं. म्हणाले, दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल, पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, जिवाला धोका असतो. अम्मा घाबरली. मी जरा तावातच विचारलं, एवढं धोक्याचं औषध मग देताच कशाला? तेव्हा त्यांनी केसपेपर बाजूला ठेवला आणि मला एक गोष्ट सांगितली.

हे औषध १९७५ साली फिनलंडमध्ये काही रुग्ण दगावल्यामुळे अनेक देशांतून बाजूला पडलं होतं. पण काही डॉक्टरांना वाटत होतं, की ज्यांच्यावर कशाचाच उपाय चालत नाही अशांना यानं फरक पडतो. वाटणं निराळं आणि ठरणं निराळं. म्हणून अमेरिकेत जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या औषधांनी बरे न झालेले २६८ रुग्ण घेतले. काहींना क्लोझापिन दिलं, काहींना जुनं क्लोरप्रोमाझिन. कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. सहा आठवड्यांनी पाहिलं तर जुन्या औषधावर शंभरात चार सुधारले होते, आणि नव्यावर तीस. १९८८ साली हे प्रसिद्ध झालं, आणि रक्ततपासणीच्या अटीवर औषध परत आलं. ‘म्हणजे,’ ते डॉक्टर म्हणाले, ‘तुमच्या भावासारख्या २६८ माणसांनी फॉर्म भरले, म्हणून मी आज तुम्हाला हे नाव सांगू शकतो.’

भाऊ त्या तीस जणांच्या जातीतला निघाला. आवाज पूर्ण गेले नाहीत, पण दूर गेले. दीड वर्षानं तो एकटा नाक्यावर जाऊन दूध आणायला लागला. चौकोनातल्या खुणांविषयी त्यानंतर मी वाईट बोललो नाही.

आणखी एक जुनी गोष्ट सांगतो. १८९३-९४ साली सरकारनं भांग, गांजा आणि चरस यांच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला होता. गांजानं माणसं वेडी होतात आणि वेड्यांची इस्पितळं त्यांनीच भरली आहेत, असा तेव्हा पक्का समज होता. पुरावा काय, तर इस्पितळांची वार्षिक कोष्टकं. कुलाबा, रत्नागिरी, कुठलंही घ्या, वेडाच्या कारणाच्या रकान्यात ‘गांजा’ लिहिलेलं. आयोगानं १८९२ सालची सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानातली नोंद काढली. त्या वर्षी १३४४ रुग्ण दाखल झाले होते, त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढं गांजा-भांग लिहिली होती. मग आयोगानं ते केले, जे इतकी वर्षं कुणी केलं नव्हतं. एकेक नाव घेऊन पुन्हा चौकशी केली. तेव्हा कळलं, की रुग्णाला आणणाऱ्या पोलिसानं कागदावर जे कारण लिहून दिलं, तेच कारकुनानं रजिस्टरात उतरवलं आणि साहेबानं त्याखाली सही केली. नीट तपासल्यावर २२२ पैकी ९८ उरले. त्यांतही काहींच्या बाबतीत दुसरी कारणं होतीच.

मला या गोष्टीतला पोलीस फार आवडतो. त्याला बिचाऱ्याला रकाना भरायचा होता. थिसिसच्या घाईत असलेल्या मुलाला तरी दुसरं काय करायचं असतं?

पण ज्यांना प्रश्न पडला आणि ज्यांनी तो सोडला नाही, असे डॉक्टरही आपल्याकडे होऊन गेले, अगदी परळच्या केईएम रुग्णालयात होऊन गेले. रुस्तुम जाल वकील हे तिथले हृदयविकाराचे डॉक्टर. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वेडावरचं औषध म्हणून ठाऊक होती. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्याविषयी लिहिलंही होतं. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि त्याला हकीम अजमल खान यांचं नाव दिलं. हे सांगताना माझी छाती थोडी फुगते, ते समजून घ्या. वकिलांनी आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांना ही मुळी दिली, मोजमापं नीट लिहून ठेवली आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. ते वाचून पश्चिमेला जाग आली. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीनं तिच्यातून रेझरपिन वेगळं काढलं, आणि न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरून पाहिलं. १९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला, त्यांत क्लाइन होते आणि वकीलही होते. पुढं रेझरपिन मागं पडलं. पण ते घेणाऱ्या काही रुग्णांना खिन्नता येते असं दिसलं, आणि नैराश्यात मेंदूत काय घडत असावं याचा विचार त्यातून पुढं गेला. औषधानं जे बिघडलं तेही कुणी तरी लिहून ठेवलं, म्हणून.

त्याच केईएममध्ये मनोविकार विभागात डॉ. एन. एस. वाहिया होते. १९६०च्या दशकात त्यांनी ठरवलं, की पतंजलींच्या योगसूत्रांतला विचार चिंतारोगाच्या रुग्णांवर वापरून पाहायचा. आज योगाचं नाव काढलं की एक तर माना डोलतात, नाही तर नाकं मुरडली जातात. वाहियांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी दोन गट केले. एका गटाला आसनं, प्राणायाम आणि पुढच्या एकाग्रतेच्या व ध्यानाच्या पायऱ्या, असे पूर्ण उपचार. दुसऱ्या गटाला दिसायला तसेच, पण आतला गाभा काढलेले. असं केलं तरच कळणार, की गुण योगाचा की रोज कुणी तरी आपली विचारपूस करतं याचा. पूर्ण उपचाराच्या गटाला जास्त गुण आला, असं त्यांनी मांडलं. १९७३ सालच्या त्यांच्या निबंधावर वाहियांबरोबर डॉ. दिनशा डुंगाजी यांचं नाव आहे आणि तिसरं नाव आहे दिलीप जेस्ते. हे जेस्ते पुण्याच्या बी. जे. मेडिकलचे, आणि केईएममध्ये मनोविकारशास्त्र शिकायला आलेले. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेला गेले आणि २०१२-१३ साली तिथल्या अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. म्हातारपण आणि शहाणपण या विषयांवर त्यांनी जन्मभर काम केलं, भगवद्‌गीतेतल्या शहाणपणाच्या कल्पनेवरही शोधनिबंध लिहिला.

मला यातलं अध्यक्षपद महत्त्वाचं वाटत नाही. महत्त्वाचं वाटतं ते हे, की शिकायला आलेल्या एका मराठी मुलाला त्याच्या गुरूंनी ज्याचं उत्तर गुरूंनाही माहीत नव्हतं अशा प्रश्नावर कामाला लावलं. थिसिसची गोडी लागायची तर ती अशीच लागणार. नियमांनी ती लागत नाही. नव्या नियमांत संशोधनपद्धतीचा एक अभ्यासक्रम सक्तीचा झाला आहे, ते चांगलंच आहे. पण पोहण्याचं पुस्तक सक्तीचं केलं म्हणून कुणी पाण्यात उतरत नाही.

याच डुंगाजींचं नाव आणखी एका कामाशी जोडलेलं आहे. मिचेल वाइस या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाबरोबर मुंबईतल्या कुष्ठरोग्यांच्या मनःस्थितीचा एक अभ्यास झाला, तो १९९२ साली ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीत आला. त्यातली पद्धत मला फार पटली. रुग्णालाच विचारायचं, की तुझ्या त्रासाला तू काय म्हणतोस, तो कशामुळे झाला असं तुला वाटतं, लोकांपासून काय लपवावंसं वाटतं. उत्तर त्याच्या शब्दांत लिहायचं आणि मग त्यावर आकड्यांचं काम करायचं. म्हणजे अम्माची ईद आधी कागदावर उतरणार, खूण नंतर.

शब्दांचा हा प्रश्न या शास्त्रात फार मोठा आहे. हाड मोडलं तर एक्स-रे आहे, साखर वाढली तर रक्त आहे. मन मोडलं तर शब्दच आहेत. तीन-चार वर्षांपूर्वी भावाच्या ओपीडीत एक तरुण निवासी डॉक्टर आली. मूळची आंध्रची, देशपातळीवरच्या कोट्यातून इथं आलेली. मराठी वॉर्डातल्या मावशींकडून शिकलेली, त्यामुळे तिचं बोलणं पुस्तकी नव्हतं. केसपेपरवर माझा व्यवसाय लिहिताना ‘कवी’ हा शब्द ऐकून ती थांबली आणि म्हणाली, ‘काका, मग माझं एक काम कराल का?’

नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. ती छापील मराठीत होतीच. पण ओपीडीत येणाऱ्या बायकांना ती समजत नाही, अशी तिची शंका होती, आणि तोच तिच्या थिसिसचा विषय होता. चार रविवार आम्ही बसलो. एक प्रश्न असा, की आपण नालायक आहोत, आपल्या माणसांचा आपल्यामुळे हिरमोड झाला असं वाटतं का. ‘हिरमोड’ माझा शब्द. वॉर्डातल्या मावशींनी तो मोडीत काढला. त्यांच्या मते बाई असं म्हणते, ‘माझ्यापायी घरच्यांना खाली मान घालावी लागली.’ मी तो निमूटपणे मान्य केला. ‘उदास’ या शब्दावर दोन तास गेले. मुंब्र्याकडची बाई उदास म्हणत नाही, तिचं ‘दिल घबराता है’. शहापूरकडची म्हणते, ‘करमत नाही’. कल्याणची एक म्हातारी म्हणाली, ‘डोकं रिकामं आणि अंग जड.’ आणि हे सगळं झाल्यावर मूळ प्रश्न न पाहिलेल्या माणसाकडून ते मराठी पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचं, आणि फिरून मूळ अर्थाशी येतं का ते बघायचं. कवितेच्या अनुवादाला ही कसोटी लावली तर आमच्यातले किती जण उभे राहतील, देव जाणे.

ही काही भाषेची हौस नव्हे. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनं, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, डॉक्टर नसलेल्या साध्या कार्यकर्त्यांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं. २०१० साली निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत फायदा दिसला, खासगी डॉक्टरांकडे फारसा फरक दिसला नाही. हा दुसरा अर्धा भागही त्यांनी छापला, याचं मला कौतुक वाटतं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा प्रकल्प झाला. तिथं नैराश्य असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणारे आधी शंभरात चारच्या आसपास होते, ते सत्तावीसच्या घरात गेले. हे कळलं ते गावातल्या माणसांना त्यांच्या शब्दांत विचारलं म्हणून. उलट २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं, त्यातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. ज्या राज्यात ‘ठाणे’ आणि ‘येरवडा’ हे शब्द वेडाचे प्रतिशब्द झाले, ते राज्य त्या मोजणीत नव्हतं.

संशोधन म्हटलं की आपली माणसं दचकतात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. २००५ साली तीव्र उन्मादाच्या २९० भारतीय रुग्णांवरचा एक औषध-प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना तीन आठवडे औषधाऐवजी निव्वळ दिखाऊ गोळी दिली होती. एवढ्या आजारी माणसांना असं ठेवणं बरं का, आणि त्या अवस्थेत त्यांनी दिलेल्या संमतीला काय अर्थ, असे प्रश्न तेव्हा विचारले गेले. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात यावर स्वतंत्र कलम आहे. नुसती मुलाखत घ्यायची तरी रुग्णाची मोकळी, समजून-उमजून दिलेली संमती हवी.

त्या आंध्रच्या मुलीनं भावापुढं संमतीपत्र ठेवलं, तेव्हा त्यानं ते दोनदा वाचलं. मग विचारलं, ‘मॅडम, सही नाही केली तर गोळ्या बंद होणार का?’ एवढ्या वर्षांच्या ओपीडीनं त्याला शिकवलेला हा प्रश्न. ती म्हणाली, ‘नाही. सही करा, नका करू, गोळ्या चालूच.’ त्यानं एक आठवडा मागितला. तिनं दिला. पुढच्या खेपेला त्यानं सही केली.

गेल्याच्या गेल्या वर्षी ती परीक्षा पास झाली. निघायच्या आधी एका रविवारी दुपारी बांधलेला थिसिस घेऊन माजिवड्याला घरी आली. चहा झाला. तिनं भावाला समोर बसवून सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, की नव्या शब्दांनी नैराश्याचे खूप जास्त रुग्ण सापडतील. तसं झालं नव्हतं. एकूण आकडा जवळपास तोच आला. फरक पडला होता तो दोनच प्रश्नांत, आणि तोही फक्त चाळिशीपुढच्या बायकांमध्ये. ती थोडी ओशाळलेली होती. माझा ‘हिरमोड’ तर केव्हाच गेला होता.

भावानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘यात मी कुठं आहे?’ तिनं मागची कोष्टकं उघडली. नावं नसतात, नुसते क्रमांक. कुठला क्रमांक कुणाचा ती यादी विभागात कुलपात, आणि ती तिलाही सांगता येणार नव्हती. त्यानं पानावरून हळूहळू बोट फिरवलं, एका ओळीवर थांबला आणि म्हणाला, ‘एक्केचाळीस. हा मी असणार.’ ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

ती आता तिच्या गावाकडच्या जिल्हा रुग्णालयात आहे. मधून एकदा तिचा फोन आला होता. ‘करमत नाही’ला तेलुगूत काय म्हणावं, यावर तिचं तिथल्या नर्सशी भांडण चाललं होतं.